अंगठा ठणकू लागला म्हणजे



सवलतीची साखर घरी नेणाऱ्या सभासदाला ‘साखर बेतानं खा’ म्हणून सांगायचे, आणि तेही कारखान्याच्याच पत्रिकेतून, हे जरा चमत्कारिक दिसेल. पण दुखणे आपल्याच माणसांचे आहे.

रात्री माणूस धडधाकट निजतो. पहाटे पायाचा अंगठा लालबुंद सुजून असा ठणकतो की अंगावरची वाकळसुद्धा टेकवत नाही. मग दारं धरायला कोण जाणार? याला डॉक्टर गाऊट म्हणतात, आयुर्वेदात वातरक्त. १०० मिलिलिटर रक्तात यूरिक अॅसिड ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात साठू शकतात. प्रत्येक सांधेदुखी म्हणजे गाऊट नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. आधी तपासणी करावी.

‘वात आहे, डाळ-उसळ बंद कर’ असे गावात कोणीही सांगतो. आम्हीही तेच ऐकत आलो. पण अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांची १२ वर्षे पाहणी झाली. २००४ साली निघालेल्या तिच्या निष्कर्षांत मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाऊट अधिक झाला, दूध-दही घेणाऱ्यांना कमी. पालेभाजी-कडधान्यांनी धोका वाढलेला दिसला नाही. तेव्हा मुगाची उसळ खुशाल खा. कमी करायचे ते कलेजी-गुर्दा, तांबडा रस्सा नि दारू. बिअर तर विशेष वाईट.

आता साखर. तिचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, आणि यकृतात तो मोडताना यूरिक अॅसिड तयार होते. त्याच पाहणीत रोज दोन किंवा अधिक गोड शीतपेये पिणाऱ्यांना धोका ८५ टक्क्यांनी जास्त आढळला (२००८). गूळ आणि रसवंतीचा पेलाही यातून सुटत नाहीत. चहा दिवसात पाच-सहा वेळा होत असेल तर हिशेब घरीच करून पाहा.

वजन हळूहळू उतरवावे. कडक उपास धरला तर उलट झटका येतो. उन्हात काम करताना पाणी भरपूर प्यावे.

मात्र नुसत्या पथ्याने यूरिक अॅसिड साधारण एखादा मिलिग्रॅमच उतरते, आणि डॉक्टरांना ते ६ च्या खाली हवे असते. म्हणून चालू गोळी आपल्या मनाने सोडू नये. तसेच दुकानातून दुखण्याची गोळी आणून महिनोन्महिने खाऊ नये. मूत्रपिंडे त्यानेच बिघडतात, आणि मूत्रपिंडे बिघडली की यूरिक अॅसिड आणखी साठते.