टिकाऊ नेलपॉलिश निवडण्याआधी

लग्नसराई जवळ आली की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "डॉक्टर, महिनाभर टिकेल असं काय करून घेऊ? जेल, ॲक्रिलिक की डिप पावडर?" हात छान दिसावेत असं वाटण्यात काहीच गैर नाही. नीट केलं तर यातला कोणताही प्रकार बहुतेकींना सोसतो. पण किती दिवस टिकेल हे विचारताना, ते उतरणार कसं हेही विचारायला हवं. खराब झालेली जी नखं माझ्यासमोर येतात, त्यांतल्या पुष्कळशांचं नुकसान रंग उतरवताना झालेलं असतं.

नखाची झीज भरून येत नाही

आपल्याला दिसणारं नख म्हणजे केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचे एकावर एक बसलेले थर. ते कापताना दुखत नाही आणि खरवडलं तर भरूनही येत नाही. नवं नख मुळातून वाढत पुढे येतं, महिन्याला साधारण ३ मिलिमीटर. हाताचं नख पूर्ण बदलायला सुमारे सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचं नख वर्ष-दीड वर्ष घेतं. म्हणजे आज घासून पातळ केलेला भाग कापला जाईपर्यंत पातळच राहणार. तेल किंवा सिरम लावून तो जाड होत नाही.

नखाच्या मुळाशी असलेली क्युटिकलची पातळ कड कुकरच्या रिंगसारखी फट बंद ठेवते. ती कापली की पाणी आणि जंतूंना वाट मिळते आणि नखुरडं होतं. म्हणून पार्लरमध्ये स्पष्ट सांगा, "क्युटिकल कापू नका, हलकेच मागे सारा."

कोणता प्रकार कसा?

साधं नेलपॉलिश : द्रावक उडून गेला की रंगाचा थर वाळतो. चार-सहा दिवसांत टवके उडू लागतात, पण रिमूव्हरने मिनिटभरात पुसून निघतं. नखं आधीच ठिसूळ असतील तर हेच बरं.

जेल पॉलिश : यातली ॲक्रिलेट गटातली रसायनं दिव्याखाली एकमेकांना जोडली जाऊन कडक होतात. चमक दोन-तीन आठवडे राहते. उतरवायला ॲसिटोनमध्ये भिजवावं लागतं.

डिप पावडर : फेविक्विकसारख्या झटपट गोंदाच्या जातीचं रसायन नखावर लावून त्यावर पावडर बसवतात. दिवा लागत नाही आणि तीन-चार आठवडे टिकतं. मात्र एकाच डबीत अनेकींची बोटं बुडवली जात असतील तर नकार द्या. पावडर बोटावर वरून टाकायला सांगा. उतरवायला जेलपेक्षा जास्त वेळ जातो.

ॲक्रिलिक : द्रव आणि पावडर एकत्र करून नख घडवतात. ते हवेतच कडक होतं, लांबी वाढवता येते आणि दर दोन-तीन आठवड्यांनी भरून घ्यावं लागतं. ते इतकं मजबूत असतं की लांब नख कुठे आपटलं तर वरचं तुटण्याऐवजी आपलं खरं नख खालच्या त्वचेपासून सुटू शकतं. लांबी कमी ठेवली तर हा धोका घटतो.

हार्ड जेल : हे ॲसिटोनने विरघळत नाही, घासूनच काढावं लागतं. हात कसलेला नसेल तर खालचं नखही घासलं जातं. पहिल्यांदाच करून घेत असाल तर हा प्रकार टाळा.

उतरवण्याची रीत

टोकाला थोडं सुटलं की पूर्ण पापुद्रा ओढून काढायचा मोह होतो. त्या पापुद्र्यासोबत नखाचे वरचे थर निघून येतात. मागे खरखरीत पांढरे चट्टे राहतात आणि घरात कुणीतरी म्हणतं, "कॅल्शियम कमी झालंय." या चट्ट्यांचा कॅल्शियमशी संबंध नसतो.

जेल काढताना वरचा चमकदार थर फाइलने हलका घासा. नखाभोवतीच्या त्वचेला व्हॅसलिन लावा. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि १० ते १५ मिनिटं थांबा. सैल झालेला थर लाकडी काडीने सारा. चिकटून राहिला तर पुन्हा भिजवा, खरवडू नका. शेवटी हात धुऊन खोबरेल तेल चोळा. ॲसिटोन लगेच पेट घेतं, म्हणून हे काम गॅस आणि देवघरातल्या दिव्यापासून दूर, खिडकी उघडी ठेवून करा.

ॲलर्जी आणि दिवा

जेल, ॲक्रिलिक यांतली ॲक्रिलेट रसायनं कडक होण्याआधी त्वचेला लागली, तर ॲलर्जी होऊ शकते. बोटांची टोकं खाजतात, लाल होतात, भेगाळतात. कधी बोटं ठीक असतात आणि पापण्या सुजतात, कारण दिवसभर हात चेहऱ्याकडे जातो. अशा वेळी काजळ बदलून उपयोग होत नाही. ही ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते आणि दातांत भरायच्या काही पदार्थांतही याच गटाची रसायनं असतात. घरी वापरायच्या किटमध्ये दिवा आणि जेल एकमेकांना अनुरूप नसले तर थर अर्धवट कच्चा राहतो, म्हणून तिथे जास्त जपा. जेलमधल्या टीपीओ या घटकावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे. त्यामुळे लेबल वाचूनच बाटली निवडा.

दिवा एलईडीचा असला तरी त्यातून यूव्हीए किरण येतात. कर्करोगाचा धोका आजच्या माहितीनुसार कमी मानला जातो, पण खबरदारी सोपी आहे : २०-३० मिनिटं आधी हातांना एसपीएफ ३०चं सनस्क्रीन लावा किंवा बोटांची टोकं उघडी असलेले हातमोजे घाला.

रोजची निगा

भांडी-कपडे धुताना रबरी हातमोजे वापरा. नखं सतत भिजून वाळत राहिली की थर सुटतात. हात पुसल्यावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन नखाच्या मुळाशी चोळा. दोन-तीन वेळा जेल केल्यावर काही आठवडे नखं मोकळी ठेवा, म्हणजे झालेला बदल लपून राहणार नाही. बायोटिनच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. त्यांनी थायरॉइड आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे निष्कर्ष चुकू शकतात. नखं चमच्यासारखी खोलगट झाली असतील तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, तेव्हा हे कारण दूरचं समजू नका. शस्त्रक्रिया ठरली असेल तर रुग्णालयात जाण्याआधी रंग उतरवून घ्या.

हे दिसलं तर डॉक्टरांना दाखवा

नखाच्या मुळाशी ठणका, सूज, पू. नख खालून सुटून पांढरं किंवा हिरवट दिसणं. नख जाड आणि पिवळं होऊन भुगा पडणं. यावर नवा रंग चढवून झाकू नका. एकाच नखात नव्याने उमटलेली, रुंदावत जाणारी काळी-तपकिरी उभी रेघ दिसली तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. अशी प्रत्येक रेघ धोक्याची नसते, पण तो क्वचित त्वचेचा कर्करोग असू शकतो आणि लवकर ओळखला तर त्यावर उपचार होतात.