अफवेची वाक्यरचना

यापूर्वी आपण बातमीची भाषा अभ्यासली. आता बातमीचे सोंग घेऊन येणाऱ्या मजकुराकडे वळू.

महाराष्ट्रात कोरोनाच्या पहिल्या रुग्णांची नोंद ९ मार्च २०२० रोजी पुण्यात झाली. परंतु कोंबडीच्या मांसातून हा विषाणू पसरतो, ही अफवा फेब्रुवारीतच व्हॉट्सॲपवरून घरोघरी पोहोचली होती. मागणी घटली, भाव कोसळले. खाद्याचा खर्चही निघेना, तेव्हा काही कुक्कुटपालकांनी कोंबड्या मातीमोल भावाने विकल्या, तर काहींनी पिले नष्ट केली. रोग येण्याआधीच त्याच्या अफवेने शेतकऱ्याच्या जोडधंद्यावर घाव घातला.

हे संदेश लोकांना खरे का वाटले? भीती हे एक कारण आहेच. पण भाषेच्या अभ्यासकाने त्यापुढे जावे. नमुन्यादाखल रचलेले हे वाक्य पाहा : ‘ब्रॉयलर कोंबड्यांत विषाणू आढळून आला असून चिकन न खाण्याचा इशारा देण्यात आला आहे.’ विषाणू कोणाला आढळला? इशारा कोणी दिला? वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. फक्त कृती करणारा त्यातून नाहीसा झाला आहे. ‘देण्यात आला आहे’ ही रचना आपल्या परिचयाची आहे ती शासकीय परिपत्रकांमुळे. अफवा त्या रचनेची प्रतिष्ठा उसनी घेते. (वृत्तपत्रेही ‘असे समजते’ लिहून हीच पळवाट काढतात, हेही नमूद केले पाहिजे.) पुढच्या ओळीत मात्र सूर बदलतो : ‘आपल्या माणसांना लगेच पाठवा.’ येथे कर्ता अगदी स्पष्ट आहे. तो म्हणजे तुम्ही. माहितीची जबाबदारी कोणाचीच नाही, प्रसाराची मात्र तुमची! शिवाय संदेश पाठवणारी व्यक्ती बहुधा मावशी किंवा शेजारचे काका असतात, आणि त्यांच्यावरील विश्वास त्या निनावी वाक्यालाही लाभतो.

ही युक्ती मोबाइलबरोबर जन्मलेली नाही. १८९६ च्या प्लेगमध्ये, रुग्णालयात नेलेल्यांना मारले जाते, अशी वदंता मुंबईत पसरली आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्या वदंतेमागे परक्या सरकारविषयीचा अविश्वासही होता. तिला निव्वळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

स्वाध्याय : तुमच्या मोबाइलवर आलेला आरोग्यविषयक एक संदेश वहीत उतरवा. प्रत्येक क्रियापद अधोरेखित करून ती कृती कोणी केली, ते समासात लिहा. जेथे समास रिकामा राहील, तेथे त्या माहितीचा उगम कोणाला विचारता येईल, याची नोंद करा.