जननांगीय हर्पीज : फोड नसतानाही होणारा संसर्ग

वैद्यांच्या चर्चासत्रांत लैंगिक व्याधींचा विषय निघाला की तो बहुधा क्लैब्य आणि शुक्रदोष यांपाशीच थांबतो. संसर्गजन्य जननांगव्याधींविषयी आपण आपसांत कमी बोलतो आणि रुग्णाशी त्याहूनही कमी. याचा परिणाम काय होतो, हे आमच्याच एका चुकीवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक तरुण विवाहित गृहस्थ आमच्या चिकित्सालयात आले. शिश्नावर पाणी भरलेल्या बारीक पुळ्यांचा झुपका, तीव्र दाह, जांघेत दुखणारी गाठ. औषधाच्या दुकानातून ‘नागीण’ म्हणून मलम आणले होते. आम्हीही पित्तप्रधान विसर्प समजून चिकित्सा दिली, पथ्य सांगितले. दहा-बारा दिवसांत व्रण भरले, गृहस्थ समाधानाने गेले. सव्वा वर्षाने त्यांच्या पत्नी आल्या. आठवा महिना चालू होता आणि तीच लक्षणे होती. पतीला आम्ही तेल, मिरची, दही वर्ज्य करण्यास सांगितले होते. हा व्याधी पत्नीला होऊ शकतो, हे एक वाक्य मात्र सांगितले नव्हते.

या चुकीचे एक मूळ नावात आहे. ‘हर्पीज’ हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला. आपल्या ‘सृप्’ धातूचा तो सगोत्र. विसर्पातही तोच धातू आहे, आणि लोकांनी जिला नागीण म्हटले तिथेही सापच आहे! परंतु नागीण म्हणजे हर्पीज झोस्टर. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गंडांत वर्षानुवर्षे सुप्त राहतो व पुढे, बहुधा उतारवयात, शरीराच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखा उठतो. लैंगिक संबंधाशी त्याचे नाते नाही. जननांगीय हर्पीजचा विषाणू निराळा आहे. तो हर्पीज सिम्प्लेक्स असून त्याचे १ व २ असे दोन प्रकार आहेत. नागीण सहसा एकदाच होते, तर हा व्याधी त्याच जागी पुनःपुन्हा उद्भवतो. ‘दर दोन-तीन महिन्यांनी नागीण येते’ असे रुग्ण सांगू लागला की वैद्याने सावध व्हावे.

हा व्याधी दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८४ कोटी ६० लाख व्यक्तींना, म्हणजे पाचांत एकाहून अधिक जणांना, जननांगीय हर्पीजचा संसर्ग आहे. त्यांपैकी बहुतेकांना त्याची कल्पनाही नसते.

विषाणू प्रवेशतो तो त्वचेचा त्वचेशी वा श्लेष्मल त्वचेशी प्रत्यक्ष स्पर्श होऊन. संभोग आवश्यकच असतो असे नाही. तापानंतर ओठाच्या कडेला उठणाऱ्या पुळ्या बहुधा प्रकार १ च्या असतात, आणि मुखमैथुनातून तो प्रकार जननांगांवर येतो. शौचकूप, टॉवेल, हौद यांवर रुग्ण खापर फोडतात. विषाणू शरीराबाहेर फार काळ टिकत नाही व हा त्याचा नेहमीचा मार्ग नव्हे. संसर्गानंतर २ ते १२ दिवसांत पहिला उद्रेक होऊ शकतो, पण अनेकांत तो इतका सौम्य असतो की घामोळे किंवा ओरखडा समजून विसरला जातो. पुढे विषाणू त्रिकास्थीजवळील मज्जातंतुगंडांत दडून राहतो. ज्वर, श्रम, मानसिक ताण, रजःकाल अशा निमित्ताने तो त्वचेकडे परततो. फोड येण्यापूर्वी त्या जागी मुंग्या येणे वा जळजळ होणे हे त्याचे पूर्वरूप.

येथे मुख्य मुद्दा येतो. कोणतेही लक्षण नसतानाही काही दिवस विषाणू त्वचेवाटे बाहेर पडत असतो. बहुतांश संसर्ग अशाच काळात, किंवा आपण बाधित आहोत हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीकडून होतात. ‘व्रण भरला, आता भय नाही’ हे आमचे त्या गृहस्थांना दिलेले आश्वासन म्हणूनच चुकीचे होते. उद्रेकात व पूर्वरूपात संबंध पूर्णतः वर्ज्य करावा. एरवी निरोधाने धोका कमी होतो, मात्र झाकली न गेलेली त्वचा उघडीच राहते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज ५०० मि.ग्रॅ. व्हॅलासायक्लोव्हिर घेणाऱ्या बाधितांच्या जोडीदारांत प्रकार २ चा संसर्ग सुमारे निम्म्याने कमी आढळला होता.

याच सुप्तावस्थेमुळे आणखी एक गोष्ट दांपत्याला सांगणे अगत्याचे ठरते. आज दिसलेला पहिला फोड म्हणजे अलीकडच्या व्यभिचाराचा पुरावा नव्हे. संसर्ग विवाहापूर्वीचा, कित्येक वर्षांचा असू शकतो. हे न सांगितल्यामुळे घरे मोडतात, आणि दोष बहुधा स्त्रीच्या माथी येतो.

स्पर्शाने व सहवासाने रोग संक्रमित होतात, हे आपल्याला नवे नाही. सुश्रुतांनी निदानस्थानाच्या पाचव्या अध्यायात मैथुन, गात्रस्पर्श, सहभोजन, एकशय्या आदी संक्रमणाचे मार्ग सांगितले आहेत; बाराव्या अध्यायात उपदंश येतो. भावमिश्रांनी सोळाव्या शतकात नव्याने आलेल्या फिरंग रोगाला जुन्या नावात न कोंबता स्वतंत्र स्थान दिले. हर्पीजला उपदंश म्हणावे की कक्षा, या वादात आम्हांला फार रस नाही. त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन व शतधौत घृत यांनी दाह शमतो असा आमचा अनुभव आहे. परंतु गंडांतील सुप्त विषाणूचे निर्मूलन करणारे औषध आजमितीस कोणत्याही वैद्यकशास्त्राकडे नाही. ॲसायक्लोव्हिर हेही उद्रेकाचा काळ कमी करते, तेही लवकर दिले तरच. लेप-मलमांत पहिले तीन दिवस घालवणे म्हणजे रुग्णाचे नुकसान होय.

गर्भिणीविषयी विशेष दक्षता हवी. प्रसूतीच्या सुमारास प्रथमच संसर्ग झाल्यास बाळाला तो होण्याचा धोका ३० ते ५० टक्के असतो, आणि नवजात अर्भकात तो मेंदूपर्यंत जाऊन प्राणघातक ठरू शकतो. जुन्या, पुनरावर्ती व्याधीत हाच धोका एक टक्क्याहून कमी असतो. वर उल्लेखिलेल्या भगिनींना आम्ही त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली, बाळ सुखरूप आहे. ते श्रेय आमचे नाही.

औषधविक्रेत्या बंधूंना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. जांघेतील प्रत्येक तक्रारीवर स्टेरॉइडमिश्रित मलम काउंटरवरून देऊ नये. विषाणूजन्य व्रणावर ते अपायकारक ठरते. दुसरे, ‘गुप्तरोग मुळापासून बरा’ अशा पाट्यांविषयी. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत गुप्तरोगांचा समावेश आहे; अशी जाहिरात करणे हा गुन्हा आहे.

प्रकार २ च्या बाधिताला एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे तिपटीने वाढते. म्हणून जननांगावर व्रण दिसला की व्हीडीआरएल व एचआयव्ही तपासणी सुचवावी. एचआयव्हीची तपासणी शासकीय रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत विनामूल्य होते. राष्ट्रीय कार्यक्रमातील सुरक्षा क्लिनिकच्या औषधसंचांत हर्पीजसाठी लाल रंगाचा संच ठरविलेला आहे. ज्यांना समोर बोलणे जड जाते त्यांना १०९७ हा दूरध्वनी क्रमांक द्यावा. आता आम्ही रुग्णपत्रिकेत ‘जोडीदारास सांगितले काय?’ असा एक रकाना वाढविला आहे, आणि तो भरल्याखेरीज औषधाची पुडी बांधत नाही.