जात कुठली? (गीता ५.१८)



आज पाचव्या अध्यायातला १८ वा श्लोक. विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ, या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस सम दृष्टीने पाहतो, असा त्याचा साधा अर्थ. माउली तर यात डासही आणतात, आणि आपलं मूल की परक्याचं हा भेदही पुसून टाकतात. कोंबडीचं नाव या यादीत नाही. पण गेले चार महिने हा श्लोक मी एका कोंबडीपाशी बसूनच वाचतोय, म्हणून आज तिच्याबद्दल.

आधी शब्द नीट बघू. समदर्शी. दर्शन म्हणजे पाहणं. सगळ्यांशी एकसारखं वागा, असं इथे म्हटलेलं नाही. हत्तीचा चारा कुत्र्यापुढे टाकला तर कुत्रा उपाशीच मरेल.

गावाकडे आमच्या घरामागची भाड्याची खोली रिकामी झाली, तेव्हा मागच्या पडवीत डालग्याखाली ही सापडली. तुरा पांढुरका, छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागत होतं, मान उघडी, पायाचे खवले उचकटलेले, नखं वाकडी वाढलेली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ११०० ग्रॅम भरली. माझ्या गळ्यात माळ आहे. शेजारी चुलत्यांकडे मात्र सहा कोंबड्या आहेत आणि त्यांच्या अंड्यांवर काकूचा वरखर्च चालतो. काकूचा पहिला प्रश्न, "जात कंची हाय?" जो आला त्याने हेच विचारलं. गावठी का, वनराजा का, गिरिराज का?

प्रश्न वाईट नव्हता. पण त्यामागचा हिशेब सरळ होता: अंडी किती देणार, आणि नाही दिली तर विकून किती येणार. जनावरांच्या डॉक्टरांनी जात विचारलीच नाही. वजन विचारलं, विष्ठेचा रंग विचारला, पंख उचलून कातडी पाहिली. मला वाटतं समदर्शन असंच दिसतं. लेबल बाजूला ठेवलं की समोरचा जीव बारकाईने बघावा लागतो.

आणि तसं बघितलं की जातीबद्दलही कळतंच. उघड्या मानेच्या कोंबड्यांची एक जातच असते. त्यांच्या मानेची कातडी गुळगुळीत असते. हिच्या मानेवर तुटक्या पिसांची खुंटं होती, म्हणजे पिसं कुणीतरी टोचून काढलेली. कानाची पाळी लाल, म्हणजे बहुधा तपकिरी अंडी. पाय पिवळे. हे पिवळेपण देणारं जनुक पाळीव कोंबड्यांत राखी रानकोंबड्याकडून आलं, असं २००८ मध्ये संशोधकांनी दाखवलं. तो रानकोंबडा आपल्या सह्याद्रीत आजही आरवतो. बाकी वंश मुख्यतः लाल रानकोंबड्याचा. म्हणजे जिला शुद्ध जातीची म्हणावं तीही मुळात मिसळलेलीच. (हे काकूला सांगितलं. ती म्हणाली, "आन् अंडी?")

खरा पेच वेगळा होता. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एका पक्ष्यावरून सगळ्या खुराड्यात पसरू शकते. हिच्यावर दया करताना काकूच्या सहा कोंबड्या मारल्या तर ती दया कसली? म्हणून ३० दिवस ही वेगळी, आमच्या न्हाणीशेजारच्या खोलीत. तिचं भांडं वेगळं, तिच्याकडे जायची चप्पल वेगळी, आणि आधी त्या सहांना दाणे, मग हिच्याकडे. आमच्या धंद्यातही नवा कोड थेट चालू सिस्टीमवर टाकत नाहीत, आधी बाजूला चालवून बघतात.

उपाशी जीव दिसला की आपला हात ओंजळभर दाण्यांकडे जातो. तो आवरायचा. पहिले दिवस पाणी आणि थोडं थोडं भिजवलेलं खाद्य, दिवसातून पाच-सहा वेळा. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य हिला नाही, कारण त्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि अंडी न देणाऱ्या कोंबडीच्या मूत्रपिंडांवर त्याचा ताण येतो. वाढीच्या पिल्लांचं खाद्य दिलं. पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच असतं, ते उगवायला प्रथिनं लागतातच. उवांचं औषध डॉक्टरांनी दिलं. ते लिखांवर चालत नाही, म्हणून दहा दिवसांनी पुन्हा. पायांत खवल्यांखाली सूक्ष्म किडे होते. कोमट पाण्यात पाय भिजवायचे, मऊ ब्रशने हलके घासायचे आणि व्हॅसलीनचा जाड थर द्यायचा, म्हणजे किडे गुदमरतात. खवले ओढून काढायचे नाहीत, रक्त येतं. हे काम आठवड्यातून दोनदा, ऑफिसचा कॉल सुरू व्हायच्या आधी.

तिला हा सगळा प्रकार मुळीच आवडत नव्हता, हेही सांगतो. पहिल्या महिन्यात मी आत गेलो की ती कोपऱ्यात तोंड खुपसायची. मांडीवर बसणारी, मान घासणारी कोंबडी मोबाईलवर दिसते. ही तशी नाही. सेवा घेणाऱ्याने आपल्यावर प्रेम करावं, ही अट श्लोकात कुठे आहे?

पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासून होकार दिल्यावर जाळीच्या पलीकडे ठेवली. सहाजणी बघतात, पण चोच पोचत नाही. कोंबड्यांत कोण कोणाला टोचणार याची उतरंड असते. शेल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी ती नोंदवून ठेवली. समदर्शन कोंबड्यांना लागू नाही! म्हणून एकत्र सोडताना दाण्याची भांडी दोन ठेवली, लांब लांब. टोचाटोची झालीच, पण रक्त निघालं नाही.

आज वजन १६०० ग्रॅम. तुरा लाल झालाय. मुळासकट गेलेली पिसं परत आलीत. खुंटं तशीच आहेत, ती पुढच्या पीसगळीला पडतील. राखेच्या खड्ड्यात रोज दुपारी लोळते. अंडं अजून एकही नाही, आणि आता दिवस लहान होत चाललेत, म्हणजे लवकर आशा नाही. काका परवा म्हणाले, "बिनअंड्याची किती दिवस पोसणार?" मी म्हटलं, दाण्याचे पैसे माझ्याकडे. ते काही बोलले नाहीत, पण काल संध्याकाळी खुराडं लावताना त्यांनी सात मोजल्या.

उद्या १९ वा श्लोक.