कोरडी भिंत आणि तोंडी करार

आपल्याकडे भिंत म्हटली की वीट, सिमेंट, गिलावा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारणारा मजूर डोळ्यांपुढे येतो. गेल्या काही दशकांत मात्र कचेऱ्यांत, दुकानांत आणि आता घरांतूनही एक वेगळी भिंत दिसू लागली आहे. पत्र्याचा सांगाडा उभा करायचा आणि त्याच्या दोन्ही अंगांना जिप्समच्या फळ्या स्क्रूने आवळायच्या. उभारताना पाणी मारावे लागत नाही म्हणून तिला ड्रायवॉल, म्हणजे कोरडी भिंत म्हणतात. बाजारातले नाव जिप्सम पार्टिशन.

विज्ञान शाखेचा विद्यार्थी कॅल्शियम सल्फेट शिकतो आणि वाणिज्य शाखेचा विद्यार्थी कराराचा कायदा शिकतो. हे दोन्ही धडे या एका भिंतीत एकत्र येतात. अशी भिंत स्थानिक कंत्राटदाराकडून बांधून किंवा दुरुस्त करून घेताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरण माझ्या मामांच्या घरचे, बाजवा येथील आहे.

वडोदऱ्याहून अहमदाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बाजवा हे स्थानक आहे. शेजारीच गुजरात स्टेट फर्टिलायझर्सची वसाहत, तर जवळच कोयली येथे 1965 साली सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना. गायकवाडांच्या काळापासून वडोदऱ्यात मराठी कुटुंबे आहेतच. कारखान्यांमुळे त्यांत आणखी भर पडली. मामा त्यांपैकीच एक.

1. भिंतीचे शास्त्र

जिप्सम म्हणजे दोन जलरेणू धारण करणारे कॅल्शियम सल्फेट. त्याचा रेणुभार सुमारे 172. त्यांत पाण्याचा वाटा 36. म्हणजे वजनाच्या जवळजवळ 21 टक्के पाणी या 'कोरड्या' भिंतीत बांधलेले असते! आग लागल्यास हे पाणी वाफेच्या रूपाने सुटते आणि ते संपेपर्यंत फळीच्या मागील बाजूचे तापमान फारसे वाढत नाही. लाकडी फळीपेक्षा ही फळी आगीला अधिक तोंड देते ती यामुळे.

कागदाच्या थरांमध्ये जिप्सम घालून फळी करण्याचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी 1894 साली घेतले. भारतात खनिज जिप्समचा मोठा साठा राजस्थानात आहे. दुसरा स्रोत खतउद्योगाचा. फॉस्फेटच्या खडकावर गंधकाम्लाची क्रिया करून फॉस्फोरिक आम्ल बनविताना जिप्सम उपपदार्थ म्हणून मिळते. आम्लातील फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या एका टनामागे ते चार-पाच टन निघते. शुद्ध करून त्याच्याही फळ्या करता येतात.

भिंतीसाठी सामान्यतः 12.5 मिलिमीटर जाडीची फळी वापरतात. उभे स्टड साधारणपणे 600 मिलिमीटर अंतरावर असतात. फळ्यांच्या सांध्यावर कागदी किंवा जाळीची पट्टी बसवून वर सांध्याचे मिश्रण भरतात. ही पट्टी गाळली तर भिंत पहिल्या दिवशी तितकीच सुंदर दिसते. भेद पुढे कळतो, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात.

2. मामांची भिंत

मामांना दिवाणखान्याचा एक भाग नातवाच्या अभ्यासासाठी वेगळा करावयाचा होता. ओळखीतून एक कंत्राटदार आला. 'काका, तुमचे काम म्हणजे घरचे काम,' असे म्हणून त्याने चौरस फुटाचा दर तोंडी सांगितला आणि सामानासाठी म्हणून तीन-चतुर्थांश रक्कम आगाऊ घेतली. घरच्या कामाला कागद कशाला, असे मामांनाही वाटले.

भिंत चार दिवसांत उभी राहिली. रंग व्हायचा होता. कंत्राटदार मात्र येईना. दोन महिन्यांत प्रत्येक सांध्यावर केसासारखी उभी रेघ उमटली. खरवडून पाहिले तर आत नुसती पुट्टी. पट्टीचा पत्ताच नव्हता. न्हाणीघराला लागून असलेल्या कोपऱ्यात फळीने ओल धरली, कारण तेथेही साधीच फळी लावली होती.

याच सुमारास एका सकाळी दोन मजूर दाराशी आले. दोघेही दाहोदकडचे. त्यांना चार दिवसांची मजुरी मिळालीच नव्हती. कायद्याच्या भाषेत मामांचा करार कंत्राटदाराशी, मजुरांचा करारही कंत्राटदाराशी. मामा आणि मजूर यांच्यात कोणताच करार नव्हता. मामांनी त्यांना चहा दिला आणि मजुरीही दिली. ज्या श्रमाचे पैसे एकदा दिले होते तेच पुन्हा दिले. मामी रागावल्या, तेव्हा मामा म्हणाले, 'भिंत त्यांनी बांधली आहे. पैसे मी भलत्याला दिले, ही चूक माझी.'

3. दर म्हणजे किंमत नव्हे

दुसऱ्या वेळी मामांनी दोन कंत्राटदारांना विचारले. येथे गणित समजून घेण्यासारखे आहे. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. ते बाजारभाव नव्हेत.

समजा, भिंत 12 फूट लांब व 10 फूट उंच, आणि तिच्यात 3 फूट बाय 7 फुटांचे दार आहे. पहिला कंत्राटदार चौरस फुटास 95 रुपये सांगतो, दुसरा 170. सामान्य माणूस पहिल्याकडे वळेल. पण पहिला भिंतीच्या दोन्ही अंगांचे माप स्वतंत्र धरतो आणि दाराची जागा वजा करीत नाही. त्याचे माप 240 चौरस फूट व देयक 22,800 रुपये. दुसरा दोन्ही अंगे मिळून एकच माप धरतो आणि दाराचे 21 चौरस फूट वजा करतो. त्याचे माप 99 चौरस फूट व देयक 16,830 रुपये. ज्याचा दर जवळजवळ दुप्पट, त्याचेच काम सुमारे सहा हजारांनी स्वस्त!

यात पहिल्याने लबाडी केली असे म्हणता येत नाही. मोजण्याच्या रीती निरनिराळ्या असतात. म्हणूनच मोजमापासाठी भारतीय मानक 1200 अस्तित्वात आले. त्यातील गिलाव्याच्या भागात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट करू नये, असा संकेत आहे. आपण कोणती रीत धरणार, हे कामापूर्वी ठरले पाहिजे, एवढाच मुद्दा.

4. करारात काय असावे

भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 10 नुसार मुक्त संमतीने, योग्य मोबदल्यासाठी केलेला तोंडी करारही सामान्यतः वैध असतो. अडचण वैधतेची नसून पुराव्याची असते. एक पानभर कागद पुरतो. त्यात पुढील गोष्टी याव्यात:

(अ) फळीची जाडी व प्रकार. न्हाणीघरालगत ओलरोधक फळी. तिचा कागद बहुधा हिरवा असतो.
(आ) स्टडमधील अंतर, सांध्यांची पट्टी, पुट्टी आणि रंग यांपैकी दरात काय आले व काय नाही.
(इ) मोजण्याची रीत.
(ई) पैशाचे टप्पे. विसार थोडा, नंतर सांगाडा उभा राहिल्यावर, फळ्या लागल्यावर, सांधे झाल्यावर, आणि लहानसा अखेरचा हप्ता काही आठवड्यांनी.
(उ) मजुरांची मजुरी कोण व केव्हा देणार.

सांगाडा झाकण्यापूर्वी घरमालकाने एकदा स्वतः उभे राहून ओळंबा व पाणसळ लावून घ्यावी, विजेच्या नळ्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. फळी लागल्यावर आतले काही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. करार दोघांनाही वाचता येईल अशा भाषेत असावा. मामांनी दुसरा करार गुजरातीत लिहून घेतला आणि मिस्त्रीकडूनच मोठ्याने वाचवून घेतला. वाचताना तो पट्टीच्या कलमापाशी थांबला व म्हणाला, 'हे लिहिलेत ते बरे केलेत. नाहीतर माणसे गाळतात.' सीमाभागात मराठी व कन्नड शेजारी-शेजारी वाचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना यातील मर्म वेगळे सांगावयास नको.

5. दुरुस्तीचा धडा

दुरुस्तीत पहिला नियम असा की कारण आधी, डाग नंतर. नळ गळत असताना भिंतीवर पुट्टी ओढणे म्हणजे तापावर नुसती पावडर लावणे. सांध्याची रेघ असेल तर जुनी पुट्टी खरवडून पट्टी बसवावी. लहान भोक असेल तर फळीचा चौकोनी तुकडा, मागे आधार देऊन, बसविता येतो. फळी भिजून मऊ झाली असेल तर ती वाळवून उपयोग नाही. कापूनच काढावी लागते.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीच्या पुराने वडोदऱ्यातील अनेक घरांत पाणी शिरले. अशा वेळी पाण्याच्या खुणेपाशीच कापून भागत नाही. फळी टीपकागदासारखी ओल वर ओढते. म्हणून खुणेच्या निदान फूटभर वरपर्यंत कापावे, आतला सांगाडा पूर्ण वाळू द्यावा आणि मगच नवी फळी लावावी. घाई करणारा कंत्राटदार या वाळण्याच्या दिवसांतच ओळखू येतो.

काम सदोष झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 खाली, दोन वर्षांच्या आत, स्वतःच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. तेथेही पहिला प्रश्न कागदाचाच येतो.

मामांची दुसरी भिंत आज उभी आहे. अखेरचा हप्ता देताना त्यांनी मिस्त्रीला एकच विचारले: 'मुलांची मजुरी दिली ना?' मिस्त्रीने मुलांनाच पुढे बोलावले. चांगला करार हा अविश्वासाचा कागद नसतो. कोणाचे काय देणे आहे, याची ती सर्वांसमोर ठेवलेली आठवण असते. कंत्राटदाराच्या मागे उभ्या असलेल्या, ज्यांचे नाव कागदावर येत नाही अशा दोन माणसांचाही तिच्यात विचार असावा.

सरावासाठी

1. आपल्या वर्गखोलीच्या एका भिंतीचे दोन्ही रीतींनी माप काढा व देयकातील फरक दाखवा.
2. जिप्सममधील पाण्याचे शेकडा प्रमाण काढा.
3. मामांवर मजुरी देण्याचे कायदेशीर बंधन होते काय? सकारण चर्चा करा.