खुशीने गेला म्हणून काय झालं?

माझ्या भाच्याला कुणी पळवून नेलं नव्हतं. पासपोर्ट त्याचा, करारावर सही त्याची, आणि मुंबईच्या विमानतळावर त्याला सोडायला आम्ही घरचे सगळे गेलो होतो. मानवी तस्करी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुंटणखाना येतो, फार तर वीटभट्टी येते. डिप्लोमा झालेला, इंग्रजी बोलणारा धडधाकट मुलगा येत नाही. दलालांचं फावतं ते इथेच.

मोबाइलवरच्या एका ग्रुपवर जाहिरात आली होती. बँकॉकमध्ये डेटा एंट्री, पगार ऐंशी हजार, तिकीट कंपनीचं. खात्री देणारा शेजारच्या गावचाच, ओळखीचा. त्याला माणशी कमिशन मिळत होतं, हे आम्हाला फार उशिरा समजलं. बँकॉकला उतरल्यावर पोराला गाडीने थेट सीमेवरच्या माए सोतला नेलं. रात्री मोई नदी ओलांडली. उजाडलं तेव्हा तो म्यानमारच्या म्यावाडी भागात, बंदूकधाऱ्यांच्या पहाऱ्यात होता. पासपोर्ट काढून घेतलेला. काम काय, तर बाईच्या नावाने खोटं खातं चालवायचं, परक्या माणसांशी गोड बोलायचं आणि त्यांना बनावट गुंतवणुकीत ओढायचं. टार्गेट हुकलं की उपास, मार, विजेचे झटके. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या २०२३ च्या अहवालानुसार अशा जुलमाच्या कामाला जुंपलेली माणसं म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० असावीत.

त्याचा चोरून मेसेज आला आणि ताईला घेऊन मी पोलीस ठाणं गाठलं. “मुलगा सज्ञान आहे, खुशीने गेलाय, यात गुन्हा कसला?” असं ऐकून घ्यावं लागलं. तुमच्यावर ही वेळ आली तर तिथून परत फिरू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ सांगतं की शोषणासाठी फसवून माणूस नेणं ही तस्करीच आहे, आणि गुन्हा ठरवताना पीडिताच्या संमतीला काही अर्थ नाही. कलमाचा आकडा घालून लेखी अर्ज करा, पोहोच घ्या, पोलीस अधीक्षकांना भेटा, मानवी तस्करीविरोधी कक्षाची चौकशी करा. आमची फिर्याद अशीच नोंदली गेली. त्याच वेळी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर आणि यांगूनच्या भारतीय दूतावासाकडे तक्रार केली. पासपोर्टची प्रत, तिकीट, चॅटचे स्क्रीनशॉट, त्याने पाठवलेलं लोकेशन जोडलं. हे कागद घरी असतील तरच उपयोग, म्हणून माणूस निघण्याआधीच प्रती काढून ठेवा.

सुटकेसाठी टोळीवाले डॉलर मागतात. भाच्याच्या खोलीतल्या एका मुलाच्या घरच्यांनी जमीन गहाण टाकून ते भरले. तो सुटला नाहीच, दुसऱ्या टोळीला विकला गेला.

मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने थायलंडमार्गे हवाई दलाच्या विमानांनी ५४९ जणांना परत आणलं. त्यांत आमचा मुलगा होता. गावात मात्र कुजबुज सुरू झाली, “हाच लोकांना गंडवत होता म्हणे.” मारून करून घेतलेलं ते काम! या बोलण्यामुळेच कितीतरी घरं तक्रार करत नाहीत आणि दलाल मोकळा पुढचं गिऱ्हाईक शोधत फिरतो. परत आलेल्या मुलाला गावाने जवळ केलं, तर तो दलालाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो. आमचा राहिला.

परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. त्याचा परवाना क्रमांक सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर पाहता येतो. सेवाशुल्क त्याला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. “आधी टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून देऊ” असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. शंका असेल तर १८०० ११ ३०९० या सरकारी टोल फ्री क्रमांकावर विचारा.

तुमच्या गावातला कुणी थायलंड, लाओस, कंबोडियाला निघाला असेल, तर आजच त्याच्या घरी जाऊन एजंटचा परवाना क्रमांक मागा. घरचे रागावले तरी मागा.