ठाण्यात जाऊन बस, मग कोड लिही

पोरी, पोलीस खात्याच्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं म्हणतेस, आणि राहायलाही भाईंदरला, आमच्याच इंद्रलोकला येतेयस. फार बरं झालं. हेच काम मी ठेकेदार कंपनीच्या बाजूने वर्षानुवर्षं केलं. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये तुला फ्रेमवर्क शिकवतील. मामाकडून चार वेगळ्या गोष्टी ऐकून घे. सार आधीच सांगतो: तुझ्या स्क्रीनवर भरलेली ओळ कधी ना कधी कोर्टात वाचली जाते, आणि तिच्यावर कोणाचा तरी जामीन किंवा कोणाचा तरी न्याय अडलेला असतो. बाकी सगळे कानमंत्र यातूनच निघतात.

१. मागणी साहेबांकडून घे, पण वापर अंमलदाराकडून शीक

मीटिंग वरिष्ठांच्या केबिनमध्ये होते, पण सॉफ्टवेअर वापरतो तो ठाणे अंमलदार, क्राइम कारकून आणि मुद्देमाल कारकून. आपलं इंद्रलोक नवघर पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं. रीतसर परवानगी काढून अशा एखाद्या ठाण्यात रात्रपाळीला बस. एकीकडे फोन, समोर हमसून हमसून रडणारी बाई, दाराशी दोन दारुडे, आणि याच वेळी अंमलदाराने तुझे चाळीस रकाने भरायचे असतात. अनिवार्य रकाने किती ठेवायचे याचं उत्तर तुला तिथेच मिळेल. देशभरातली पोलीस ठाणी एका जाळ्यात आणणाऱ्या सीसीटीएनएस प्रकल्पाला 2009 मध्ये मंजुरी मिळाली, महाराष्ट्रात तो 2015 मध्ये सुरू झाला. तरी कागदी रजिस्टरं अजून आहेत. त्यांना हसू नकोस. वीज गेली, नेट गेलं, तरी स्टेशन डायरी थांबत नाही. तुझं सॉफ्टवेअर थांबणार असेल, तर अंमलदाराचा विश्वास कागदावरच राहणार.

२. तारखांशी खेळू नकोस

घटना कधी घडली, ठाण्याला कधी कळलं, नोंद कधी झाली: या तीन वेगळ्या तारखा आहेत, आणि तिन्हींना वेळ हवी. एकाच रकान्यात कोंबशील तर बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न उशिराचाच विचारेल.

1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू झाले. खुनाला पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 302 होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 103 आहे. पण जूनमध्ये घडलेला खून ऑगस्टमध्ये उघड झाला, तर कलम जुनंच लागतं. म्हणून कोणता कायदा लागू हे घटनेच्या तारखेवरून ठरव, आजच्या तारखेवरून नको. जुन्या नोंदींमधली कलमं ‘अपडेट’ करण्याचा मोह तर अजिबात नको. शिवाय कलम तपासात बदलतं. जखमी माणूस दवाखान्यात दगावला की खुनाच्या प्रयत्नाच्या 109 चं 103 होतं. कलमवाढ केव्हा झाली, कोणी केली, हा इतिहास जपला पाहिजे.

मुदती मोजताना कायदा शेजारी ठेवून बस. अटक झालेल्याला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं. दोषारोपपत्राची 60 किंवा 90 दिवसांची मुदत अटकेपासून मोजत नाहीत, ती पहिल्या रिमांडपासून मोजतात. तो दिवसही त्यात धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे. तुझ्या कोडमध्ये एक दिवस इकडचा तिकडे झाला, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळेल किंवा त्याचा हक्क बुडेल. फिर्यादीला 90 दिवसांच्या आत तपासाची प्रगती कळवायचीही तरतूद आहे. तिची आठवण सॉफ्टवेअरनेच करून दिली पाहिजे.

३. हद्द आणि हुद्दा कधीच कायमचे नसतात

मीरा-भाईंदर पूर्वी ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होतं, वसई-विरार पालघरकडे. 1 ऑक्टोबर 2020 रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं, सदानंद दाते पहिले आयुक्त झाले. पोलीस ठाण्यांच्या इमारती होत्या तिथेच राहिल्या, पण त्यांच्यावरची सगळी साखळी बदलली. पोलीस नाईक हे पद तर रद्दच झालं. म्हणून ठाणी, विभाग, पदं यांच्या प्रत्येक नोंदीला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा तारखा दे. भाईंदरचा 2018 चा गुन्हा उघडला तर तो ठाणे ग्रामीणचाच दिसला पाहिजे, आणि त्या वेळचा नाईक नाईकच दिसला पाहिजे.

आणि हद्दीचं कारण सांगून नोंद अडवणारं बटण कधी लिहू नकोस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती घ्यावीच लागते. तीच झिरो एफआयआर. ऑनलाइन आलेल्या माहितीवर देणाऱ्याने तीन दिवसांत सही करायची असते. तेव्हा ‘माहिती आली, सही बाकी’ अशी अवस्था तुझ्या सिस्टीममध्ये असलीच पाहिजे.

४. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही

आपल्या भाईंदरमध्ये मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, दाक्षिणात्य, उत्तनचे कोळी आणि ईस्ट इंडियन असे सगळे राहतात. एकच आडनाव शेख, शैख, शेक असं तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, इंग्रजीत आणखी चार. जुन्या फायली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या उघडल्या की नावाच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. उच्चारावरून शोधणारा शोध लिही, जरूर लिही. पण निकालावर ‘संभाव्य जुळणी’ असंच दाखव, आणि वडिलांचं नाव, वय, पत्ता, ठसे पडताळल्याशिवाय पुढचं पाऊल उघडू देऊ नकोस. नामसाधर्म्यामुळे भलत्याच घराचं दार रात्री वाजलं, तर तिथे तुझा बग पोहोचलेला असतो.

आरोपी, दोषी आणि निर्दोष सुटलेला, या तीन अवस्थाही वेगळ्या ठेव. कोर्टाने सोडलेला माणूस आपल्या यादीत वर्षानुवर्षं आरोपीच दिसत असेल, तर ती नोंद खोटी आहे.

५. डिलीटचं बटण ठेवूच नकोस

दुरुस्ती म्हणजे नवी नोंद. जुनी खाली तशीच दिसायला हवी, कोणी, कधी, का बदलली यासह. हा नियम शिपायापासून सिस्टीम ॲडमिनपर्यंत सगळ्यांना सारखा. एखाद्या दिवशी फोन येईल, ‘मॅडम, तेवढी वेळ मागून बदलून द्या ना.’ वाद घालत बसू नकोस. ‘सिस्टीममध्ये तशी सोयच नाही, लेखी आदेश द्या, दुरुस्तीची नवी नोंद करते,’ एवढं सांग. सोय खरोखरच नसली की नाही म्हणणं सोपं जातं. डेटाबेसमध्ये थेट हात घालून ‘पटकन’ दुरुस्ती तर कधीच नको, मग ती कितीही निरुपद्रवी असो.

६. पुरावा मिळाला तसाच ठेव

ऑक्टोबर 2016 मध्ये मीरा रोडच्या बोगस कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी छापे घातले. अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या करखात्याच्या नावाने धमकावून पैसे उकळले जात होते. शेकडो लोक ताब्यात घेतले गेले. अशा गुन्ह्यात घटनास्थळ म्हणजेच सर्व्हर, हार्ड डिस्क आणि कॉलच्या नोंदी. तिथे फाइल उघडून बघणं म्हणजे पुराव्यावर बोटं उमटवणं.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ज्या खटल्यात ठामपणे सांगितलं तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. म्हणून फाइल सिस्टीममध्ये आल्याक्षणी हॅश काढ, जागा वाचवण्यासाठी व्हिडिओ लहान करू नकोस, मूळ नाव बदलू नकोस, बघायला वेगळी प्रत दे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे, त्यामुळे फायलींचा पूर येणारच. साठवणीचा हिशेब टेंडरच्या वेळीच मांड. आणि सगळ्या सर्व्हरची घड्याळं एकाच वेळेवर लाव. दोन कॅमेऱ्यांत सात मिनिटांचा फरक असला तर खटला त्या सात मिनिटांतच अडकतो.

७. गुप्तता कंपनीपुरती नाही, घरातही पाळ

सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशाने एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकायच्या असतात, संवेदनशील गुन्हे वगळून. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचं आणि बालकाचं नाव फुटणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. तेव्हा कलम निवडताक्षणी ती एफआयआर आपोआप झाकली जावी, उघडायला माणसाची मंजुरी लागावी. उलटं कधी करू नकोस. चाचणीसाठी खऱ्या नोंदी लॅपटॉपवर आणू नकोस, बनावट डेटा तयार कर. एररचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी त्यात कोणाचं नाव दिसतंय का ते बघ.

आणि हे खास आपल्या सोसायटीसाठी. तू पोलिसांकडे काम करतेस हे कळलं की सेक्रेटरी लिफ्टमध्ये हळूच विचारतील, ‘बी विंगमध्ये नवा भाडेकरू आलाय, जरा बघून सांगता का?’ लग्न जमवणारी मावशीही विचारेल. हसून सांग, ‘ते ठाण्यात रीतसर द्या.’ कोणी काय बदललं याबरोबर कोणी काय पाहिलं याचीही नोंद ठेव, म्हणजे तुझ्यासकट सगळ्यांना आळा राहील.

८. बंदोबस्ताच्या रात्री रिलीज नको

गणेश विसर्जन, ईद, 31 डिसेंबर, मतदान: या दिवशी नवीन काही चढवू नकोस. 112 वर मदत मागणारा आणि 1930 वर ऑनलाइन फसवणूक सांगणारा दोघेही मिनिटं मोजत असतात. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवायचे असतात. पावसाळ्यात वीज जाते हे गृहीत धरूनच रचना कर. नेट नसताना नोंद मोबाइलवर थांबावी आणि आल्यावर मूळ वेळेसह वर जावी.

९. एआयला सल्लागाराच्या खुर्चीत बसव, साहेबाच्या नको

राज्य सरकारने 2024 मध्ये पोलिसांच्या एआयसाठी ‘मार्वल’ ही कंपनी नागपुरात स्थापन केली. पुढची बरीच कामं याच वाटेने येतील. लांबलचक फिर्यादीचा सारांश काढायला, मिळतेजुळते गुन्हे शोधायला यंत्र चांगलं. पण जिथे आजवर गस्त जास्त, तिथे नोंदी जास्त. त्या नोंदींवर शिकलेलं यंत्र पुन्हा त्याच वस्तीकडे बोट दाखवेल. म्हणून यंत्राने काय सुचवलं, अधिकाऱ्याने काय ठरवलं आणि का, हे तीन वेगळे रकाने ठेव. निर्णयाखाली सही माणसाचीच हवी.

१०. साहेब बदलतात, फाइल राहते

तोंडी ठरलेलं सगळं त्याच संध्याकाळी ईमेलने कळव. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि नव्या साहेबांना जुना शब्द माहीत नसतो. मदतपुस्तिका मराठीत लिही, ती अंमलदाराला वाचून दाखव. तो जिथे अडखळेल तिथे स्क्रीन बदल.

पगार दुसरीकडे जास्त मिळेल, कौतुक तर इथे फारसं होतच नाही. पण फिर्याद द्यायला घाबरत आलेल्या माणसाची नोंद पहिल्याच रात्री नीट झाली, तर पुढे कोर्टात त्याच्या बाजूने तीच उभी राहते. तेवढी नोंद चोख ठेव. रुजू झालीस की पहिल्या आठवड्यातच ठाण्यातल्या रात्रपाळीची परवानगी माग.